एकाच खोडावरचे दोघे: दोन शेपट्यांचा कोळी आणि दगडफूल यांची तुलना कशी करावी

नाशिक परिसरात जुन्या आंब्याच्या, वडाच्या, ऐनाच्या खोडांवर राखाडी, हिरवट, पांढुरके चट्टे दिसतात. ते दगडफूल; अभ्यासाच्या पुस्तकांत त्याला शैवाक म्हणतात. त्याच खोडावर, बहुतेक वेळा डोकं खाली करून, सालीला चपटा चिकटलेला एक कोळी बसलेला असतो. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला दोन लांब शेपट्या असतात. हा हर्सिलिया. दोघांचे रंग इतके जुळतात की ‘हा कोळी दगडफूल बघूनच बसतो’ असं निसर्गभ्रमंतीला गेलेले लोक सहज सांगून मोकळे होतात. तसं असेलही. पण खोडाचा निम्मा भाग दगडफुलाने व्यापला असेल, तर कुठेही बसलेला कोळी निम्म्या वेळा दगडफुलावरच सापडणार. ती निवड झाली की निव्वळ योगायोग, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायचं कसं, ते इथे दिलं आहे. दोन माणसं, थोडं सामान आणि काही मोकळ्या सकाळी एवढ्यावर हे काम होतं.

अडचण एकच. एक पळतो आणि दुसरं जागचं हलत नाही. कोळी नगावर मोजता येतो, तर दगडफुलाचा एक चट्टा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे बऱ्याचदा ठरवता येत नाही, म्हणून ते क्षेत्रफळावर मोजायचं. कोळी आत्ता इथे आहे आणि पाच मिनिटांनी नसेल; दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पसरतं. दोघांना एकच पट्टी लावली की तुलना फसते.

आधी घरी: किराणा दुकानातलं दगडफूल

सुरुवात जंगलात करू नका. गोड्या मसाल्यासाठी मिळणारं दगडफूल दहा ग्रॅम आणा. त्यात प्रामुख्याने पार्मोट्रेमा गटातलं, पानासारख्या पाळ्यांचं दगडफूल असतं. मोठासा तुकडा निवडा आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. भिंग डोळ्याला टेकवून तुकडा जवळ आणायचा, भिंग तुकड्यावर धरून वरून वाकायचं नाही. नवशिक्यांची पहिली गडबड इथेच होते.

वरची बाजू राखी, खालची काळी आणि कडेजवळ तपकिरी दिसेल. खालच्या बाजूला बारीक काळे केस असतात. त्यांनी दगडफूल सालीला धरून राहतं. ती मुळं नव्हेत. झाडातून ना पाणी ओढलं जातं, ना अन्न. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार आहे: बुरशी घर बांधते, आतलं शैवाल उन्हावर अन्न बनवतं. काही जातींत शैवालाऐवजी नीलहरित जिवाणू असतात. म्हणजे दगडफुलाने झाड पोखरलं, वाळवलं हा बागांमध्ये ऐकू येणारा आरोप चुकीचा. वाळत चाललेल्या झाडाची पानं गळतात, खोडाला ऊन जास्त मिळतं, आणि मग दगडफूल वाढतं. लोक त्याचा क्रम उलटा लावतात.

आता तोच तुकडा पाण्यात बुडवून दोन मिनिटं थांबा. कडक, चुरा होणारा तुकडा मऊ पडतो आणि राखी रंगात हिरवट झाक येते, कारण ओली वरची साल पारदर्शक होते आणि खालचं शैवाल दिसू लागतं. दुकानातला माल जुना असतो, त्यामुळे झाक फिकी येईल. झाडावरच्या जिवंत दगडफुलात ती पहिल्या पावसानंतर लख्ख दिसते. हा प्रयोग टाळू नका, कारण ओल्या आणि सुक्या दगडफुलाचा रंग वेगळा असतो आणि पुढचं सगळं मोजमाप त्यावर अवलंबून आहे.

झाडावर तीन ढंगांची दगडफुलं भेटतील. पहिलं खपलीचं: सालीत इतकं मुरलेलं की नखाने सुटत नाही. दुसरं पानाचं: कडा सुटलेल्या, तुम्ही घरी पाहिलं तसं. तिसरं झुडपी: धाग्यांचे झुबके किंवा दाढीसारखं लोंबणारं. शहरात बहुतेक पहिलं आणि सालीला चपटं बसलेलं दुसरं दिसेल. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस वाढत जातो तसं पानाचं दगडफूल मोठं होतं. झुडपी शोधायचं तर घाटमाथ्याची दमट राई गाठा. निफाड-येवल्याच्या कोरड्या बाजूला खपलीच्या प्रकारावर समाधान मानावं लागतं.

कोळी ओळखणं

हर्सिलिया लहान आहे. मादीचं शरीर साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास, नर त्याहून किरकोळ, पण पाय लांब असल्याने कोळी मोठा वाटतो. तीन खुणा एकत्र दिसल्या तरच हर्सिलिया म्हणा. पहिली, मागच्या दोन शेपट्या; या सूत सोडणाऱ्या नळ्या आहेत आणि जवळपास पोटाएवढ्या लांब असतात. दुसरी, पायांची तिसरी जोडी बाकीच्या तीन जोड्यांपेक्षा ठळकपणे आखूड. तिसरी, डोळ्यांचा भाग वर उचललेला. जाळं विणून तो मध्ये बसत नाही. सालीवर तुरळक धागे असतात, ते बारकाईने पाहिलं तरच दिसतात.

शिकारीची तऱ्हा पाहायला मिळाली तर नशीब समजा. मुंगी किंवा पतंग टप्प्यात आला की कोळी त्याच्यावर झेपावतो, पाठ त्याच्याकडे करतो आणि शेपट्या सावजाकडे रोखून त्याच्याभोवती गरगर फिरतो. काही क्षणांत सावज सालीला सुताने जखडलेलं असतं, चावा नंतर. हे बघायला मिळावं म्हणून किडे आणून टाकू नका. त्याने कोळ्याची जागा बदलते आणि तुमची नोंद वाया जाते.

माणसाला या कोळ्यापासून धोका नाही. तरी हातात घेऊ नका, पाय तुटतात.

घोटाळा कुणाशी होतो? हेरेनिया नावाचा कोळीही खोडावरच असतो, पण तो सालीलगत, खोडाच्या वळणाला धरून शिडीसारखं उभं जाळं विणतो आणि त्याला लांब शेपट्या नसतात. चपटे हंट्समन कोळी सालीच्या भेगांत शिरतात. त्यांचे पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असतात. सालीच्या रंगाचे प्रार्थनाकीटकही चकवतात, त्यांचे पाय मात्र सहा. आणि भारतात हर्सिलियाच्या एकाहून अधिक जाती आहेत. हर्सिलिया सॅव्हिग्नी ही सर्वत्र सांगितली जाणारी जात. ल्युकासने १८३६ साली तिचं वर्णन केलं. पण जात पक्की करायला सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासावी लागतात. मोबाइलच्या फोटोवरून ‘हर्सिलिया’ एवढंच लिहा.

सामान

दहा पट भिंग, शिंप्याची टेप, टॉर्च, मोबाइल, निळा खडू, वही-पेन्सिल. बॉलपेनची शाई दमट हवेत फुटते, म्हणून पेन्सिल. पांढरा खडू नको. खपलीच्या पांढऱ्या दगडफुलात तो मिसळून जातो. कॅमेऱ्यावरची धूळ उडवायचा रबरी फुगा घ्या, त्याचं काम पुढे येईल.

मुख्य साधन स्वतः बनवायचं. झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिक शीट घ्या, तिचा १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा. कायम शाईच्या बारीक मार्करने काठापासून १, ३, ५, ७ आणि ९ सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या ओळी धरून ठिपके द्या. पाच गुणिले पाच, पंचवीस ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे चार टक्के. असे दोन चौकोन करून ठेवा, एक हमखास हरवतो.

झाडं कुठली, आणि कधी

सप्टेंबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. भर पावसात त्र्यंबकच्या बाजूला खोडांवर शेवाळ (हिरवंगार, बारीक पानांचं मॉस; दगडफुलातलं शैवाल नव्हे) चढतं, दगडफूल झाकलं जातं आणि साल सतत ओली राहते. एप्रिल-मेमध्ये पानाचं दगडफूल वाळून आक्रसतं, म्हणून व्याप्ती कमी मोजली जाते. सकाळी दव सुकल्यावर, म्हणजे साधारण आठ ते अकरा, कामाला लागा. रात्री जंगलात जाऊ नका. नाशिक जिल्ह्यात बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट नाही, आणि वनक्षेत्रात रात्री थांबायला परवानगीही नसते.

सराव पांडवलेण्याच्या पायथ्याच्या झाडांवर किंवा सोसायटीतल्या जुन्या आंब्यावर करा. खरी मोजणी अंजनेरी, ब्रह्मगिरीचा पायथा, गंगापूर धरणाकडची खासगी आमराई अशा ठिकाणी. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. नुसतं पाहायला आणि फोटो काढायला हरकत नसते, पण पद्धतशीर मोजणी करणार असाल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी लेखी विचारा. तिथून दगडफुलाची पापुद्रीही उचलायची नाही. खासगी आमराईत मालकाला सांगून जा. ‘झाडाला औषध मारणार का?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा.

झाड निवडताना साल बघा. आंबा, ऐन, मोह, जुनं करंज चांगलं. पेरू, निलगिरी, अर्जुन यांची साल सोलत राहते, दगडफुलाला तिथे वर्षानुवर्षं बसता येत नाही. सागाची सालही पातळ पट्ट्यांनी सुटते. खोडाचा घेर किमान ६० सेंटिमीटर हवा, नाहीतर चौकोन सपाट बसत नाही. रस्त्याकडेची चुना-गेरू फासलेली झाडं सरळ सोडून द्या. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि रंगाच्या वरच्या भागातच मोजलं तर उंचीचा हिशेब बिघडतो.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती द्राक्षबाग. तिथे बुरशीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं दगडफुलाला मारतं. कीटकनाशकाचा फवारा वाऱ्याने बांधावरच्या आंब्यावर येतो तो कोळ्यालाही आणि त्याच्या खाद्यालाही बाधतो. अशा झाडावर दोघेही कमी दिसले, म्हणजे त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं ठरत नाही. दोघांना एकाच फवाऱ्याने गाठलेलं असू शकतं. बागेपासून लांबची झाडं घ्या, किंवा वहीत ‘बागेलगत’ असा वेगळा रकाना करून त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: दगडफूल भरपूर आहे म्हणून झाड निवडू नका. पायवाटेने चालत दर पन्नासाव्या पावलाला सगळ्यात जवळचं, वरच्या अटींत बसणारं झाड घ्या. ते बोडकं असलं तरी घ्या.

झाडापाशी

१. झाडापासून पाच-सहा मीटरवर थांबून वर बघा. आग्यामोहोळ असेल तर ते झाड सोडा, त्यावर चर्चा नको. वड-पिंपळांवर हे हमखास पाहा. बुंध्याजवळच्या पाचोळ्यात पाऊल टाकण्याआधी काठीने चाचपा. ऑक्टोबरनंतर झुडपांवर खाजकुइलीच्या शेंगा लोंबतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

२. दोघांनी खोडाच्या समोरासमोरच्या बाजूंनी, हळू, एकाच वेळी जवळ जा. एकटा माणूस गेला की कोळी खोडाला वळसा घालून पलीकडे सरकतो. मग तोच कोळी दोनदा मोजला जातो किंवा मुळीच सापडत नाही. सावली खोडावर पडू देऊ नका.

३. जमिनीपासून ५० ते १५० सेंटिमीटर एवढाच पट्टा शोधायचा. समोरून बघण्यापेक्षा गाल खोडाजवळ नेऊन सालीच्या रेषेत बघा. कोळ्याचे पाय आणि शेपट्या कडेला उठून दिसतात. टॉर्च दिवसाही वापरा, पण सालीला जवळजवळ समांतर धरून. चपट्या कोळ्याची किंचित सावली पडते, दगडफुलाच्या चपट्या चट्ट्याची पडत नाही. पहिल्या माणसाने पाच मिनिटं शोधायचं, काही बोलायचं नाही. मग दुसऱ्याने पाच मिनिटं. कोणाला काय दिसलं ते नंतर ताडून बघा आणि दोन्ही नोंदी वहीत ठेवा.

४. कोळी दिसला की आधी फोटो. अर्ध्या मीटरवरून एक, मग जमेल तितक्या जवळून. टेप किंवा नाणं शेजारी ठेवायची घाई करू नका, तो पळेल. फोटोनंतर तो बसला होता त्या जागी, पोटाच्या मध्याखाली येईल असा निळ्या खडूचा बारीक ठिपका द्या. हात जवळ नेला की कोळी सरकतोच, त्याला जाऊ द्या. ठिपक्याखाली काय आहे ते लगेच लिहा: दगडफूल (कुठल्या ढंगाचं), उघडी साल, शेवाळ की आणखी काही. उंची आणि दिशाही लिहा.

५. पारदर्शक चौकोन असा धरा की मधला ठिपका खडूच्या ठिपक्यावर येईल. एक डोळा मिटून अगदी समोरून बघा आणि पंचवीसपैकी किती ठिपके दगडफुलावर येतात ते मोजा. तिरकं बघितलं तर ठिपका शेजारच्या चट्ट्यावर सरकलेला दिसतो. काठावर पडलेल्या ठिपक्याबाबत नियम आधीच ठरवा: ठिपक्याचा मध्य जिथे, ते खरं. मोजणारा माणूस दिवसभर एकच असावा.

६. आता त्याच खोडावर दुसरी जागा, कोळ्याशी संबंध नसलेली. ही जागा डोळ्याने निवडायची नाही. १३० सेंटिमीटर उंचीवर घेर मोजा. मोबाइलचं स्टॉपवॉच न बघता थांबवा आणि शेवटचे दोन आकडे घ्या. ते ३७ आले आणि घेर १४० असेल, तर १४० चे ३७ टक्के म्हणजे जवळपास ५२ सेंटिमीटर. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने तेवढं मोजा. पुन्हा स्टॉपवॉच थांबवा. आलेला आकडा ५० मध्ये मिळवा, ती उंची. तिथे चौकोनाचा मध्य ठेवून ठिपके मोजा. जागा पहिल्या चौकोनावर चढत असेल, किंवा ढोलीत येत असेल, तर पुन्हा आकडा काढा. होकायंत्र मोबाइलमधलं चालेल, फक्त चुंबकाचं कव्हर काढा.

७. निघण्याआधी रबरी फुग्याने पट्ट्यावर सगळीकडे हलक्या फुंकरा मारा. न दिसलेला कोळी हलतो. असा सापडलेला कोळी ‘फुंकरीने’ असा शेरा मारून वेगळा लिहा. त्याची जागाही वरच्याप्रमाणे मोजा, पण त्या झाडावर आधीच नोंद झाली असेल तर नको: एका झाडावरून एकच जोडी घ्यायची. एकाच खोडावर चार कोळी सापडले म्हणून चार जोड्या धरल्या, तर ते एक झाड सगळा निकाल आपल्याकडे ओढतं.

८. कोळी नसलेल्या झाडाचीही नोंद करा. तिथे स्टॉपवॉचने काढलेला एक चौकोन पुरे.

एका झाडाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सकाळी सहा-सात झाडं झाली तर भरपूर झाली. त्यानंतर डोळे थकतात आणि ठिपके मनाने पडू लागतात.

आकड्यांचं काय करायचं

प्रत्येक कोळ्यासाठी आता दोन आकडे आहेत: त्याच्या जागेचे ठिपके आणि स्टॉपवॉचने काढलेल्या जागेचे ठिपके. कुठे जास्त, एवढंच बघा. बरोबरी झालेल्या जोड्या बाजूला काढा. किमान तीस जोड्या जमवा.

कोळी दगडफुलाकडे बघतच नसेल, तर साधारण पंधरा वेळा इकडे जास्त, पंधरा वेळा तिकडे जास्त असा कौल पडेल. सतरा-अठरा आले तरी हुरळू नका. तीसपैकी एकवीस किंवा अधिक जोड्यांत कोळ्याच्या जागी दगडफूल जास्त निघालं, तर नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास राहते. तेव्हा म्हणा की काहीतरी आहे. नऊ किंवा कमी आले तर कोळी दगडफूल टाळतोय, आणि तोही तितकाच मोलाचा निकाल आहे. अंजनेरीच्या आणि शहरातल्या जोड्या एकत्र करू नका. दोन ठिकाणची दगडफुलंच वेगळी आहेत.

निकाल ‘हो’ आला तरी कारण हाती लागत नाही. लपायला बरं म्हणून तो तिथे असेल, किंवा खाद्य तिथे आहे म्हणून: सोकिड, स्प्रिंगटेल, माइट हे सालीवरचे अगदी बारीक जीव दगडफुलात आणि त्याच्या सुटलेल्या कडांखाली राहतात. म्हणूनच कुठल्या ढंगाचं दगडफूल ते लिहायला सांगितलं. फक्त रंगाचा प्रश्न असेल तर राखी खपलीही चालायला हवी. खाद्याचा असेल तर पानाच्या दगडफुलापाशी कौल जास्त झुकेल.

कुठे फसगत होते

सगळ्यात मोठी फसगत आकड्यांत दिसत नाही. उघड्या सालीवरचा कोळी पटकन सापडतो, दगडफुलावरचा निसटतो. म्हणजे तुमच्या नोंदीत दगडफुलावरचे कोळी खऱ्यापेक्षा कमीच असणार. दोघांनी स्वतंत्र शोधणं आणि शेवटची फुंकर हे दोन्ही खटाटोप याचसाठी आहेत. फुंकरीने सापडलेल्यांपैकी बहुतेक जण दगडफुलावर बसलेले निघाले, तर तुमच्या नजरेची उणीव किती हे तिथेच कळतं. यावर पाणी सोडून नुसतं बघण्यावर भिस्त ठेवली तर बाकीची मेहनत फुकट.

केशरी, मखमली, पावडरीसारखा थर दिसला की लोक त्याला दगडफूल म्हणून टाकतात. तो बहुधा ट्रेंटेपोहलिया, म्हणजे नुसतं शैवाल. त्यात बुरशीचं घर नसतं, भिंगाखाली केशरी केसाळ तंतू दिसतात. पिवळ्याजर्द भुकटीचा थर मात्र दगडफुलाचा असू शकतो. शेवाळ हिरवंगार, बारीक पानांचं. आणि शहरातल्या खोडांवर पानाच्या पिचकाऱ्या असतात, त्याही वाळल्यावर तपकिरी खपलीसारख्या दिसतात. खालच्या बाजूला ओघळ दिसला की समजा.

ओल्या खोडावर मोजू नका. रंग बदलतो, साल काळवंडते, आणि फिकी खपली साफ निसटते. पाऊस पडून गेला तर खोड पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

मोजणीआधी खोडावर पाणी फवारू नका, हेही त्यातच आलं. हिरवी झाक बघायची असेल तर सगळ्या नोंदी झाल्यावर दोन-तीन फवारे साध्या पाण्याचे.

दगडफुलाची आणखी ओळख

तुलनेसाठी ढंग पुरतो, पण शहरात एक जात ओळखायला सोपी आहे. आंब्यावर आणि रस्त्याकडेच्या झाडांवर राखी, बारीक पाळ्यांचं, सालीला चपटं बसलेलं पिक्सिन कोकोज आढळतं. शहरी हवा सोसणाऱ्यांपैकी ते एक. त्यातल्या लायकेक्झँथोन या द्रव्यामुळे अतिनील प्रकाशात ते पिवळं चमकतं. टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. नोटा तपासायच्या स्वस्त ३९५ च्या टॉर्चमध्ये जांभळा उजेड एवढा असतो की चमक बुडून जाते. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात करून बघा. प्रकाशाकडे थेट बघू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

पार्मोट्रेमा टिंक्टोरमसाठी ब्लीचची चाचणी आहे. मसाल्याच्या पुडीतला किंवा आपसूक गळून पडलेला तुकडा घ्या, ब्लेडने वरचा थर खरवडून आतला पांढरा गर उघडा करा आणि काडीने घरगुती ब्लीचचा बारीक थेंब लावा. काही क्षणांत लाल रंग उमटतो आणि लगेच विरतो, त्यामुळे भिंग आधीच डोळ्याला लावून बसा. रंग आला नाही तर आधी ब्लीचवर शंका घ्या. उघडलेली बाटली काही आठवड्यांत नरम पडते. झाडावर हे कधीच करू नका, आणि ब्लीच कुठल्याही ॲसिडच्या किंवा टॉयलेट क्लीनरच्या आसपास ठेवू नका, विषारी वायू सुटतो.

यापुढची ओळख प्रयोगशाळेची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम घाटातल्या दगडफुलांवर दीर्घकाळ काम झालं आहे आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत दगडफुलांचा मोठा संग्रह आहे. गंभीरपणे शिकायचं असेल तर आपल्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत तिकडे विचारणा करा.

नोंदी ठेवणं

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना कोळी आणि दगडफूल यांच्या दोन स्वतंत्र नोंदी करा, फोटो एकच असला तरी. एका नोंदीत दोघांना टाकलं की ओळखणारा गोंधळतो. दगडफुलाचे तीन फोटो लागतात: पूर्ण चट्टा, कडेचा जवळून आणि मधल्या भागाचा जवळून, जिथे वाट्यांसारखी फळं किंवा भुकटी असते.

कोळ्याच्या जोड्या एका हंगामात जमतात. दगडफुलाला ते पुरत नाही. पाच-सहा झाडं कायमची ठरवा. त्यांना खिळे किंवा तार नको. खोडाचा घेर, एखादी गाठ किंवा फांदीची खूण, जमिनीपासूनची उंची आणि दिशा लिहून ठेवली की जागा परत सापडते. त्या जागेचा फोटो दर नोव्हेंबरमध्ये, खोड सुकं असताना, त्याच अंतरावरून, चौकोन लावून एकदा आणि काढून एकदा घ्या. चौकोनाचा फोटो मापासाठी, बिनचौकोनाचा रंगासाठी. पुढच्या वर्षी ठिपके तेवढेच आले तर मोजणी बिघडली असं समजू नका. दोन सेंटिमीटर अंतराच्या ठिपक्यांना एका वर्षाची वाढ बहुधा दिसतच नाही. ती फोटो एकमेकांवर ठेवून, चट्ट्याच्या कडेवर मिलिमीटरात मोजावी लागते.